उशिरा लावलेले टोमॅटो

अहो, तुमचे टोमॅटो पिकले.

गेल्या आठवड्यात पहिले लाल दिसले ते तोडले, पदरात घेऊन आत आणले आणि त्यातला सगळ्यात मोठा नळाखाली धरून तिथेच ओट्यापाशी उभ्याउभ्या खाल्ला. मीठसुद्धा लावलं नाही. रस कोपरापर्यंत ओघळला. डोळ्यांत पाणी वगैरे काही आलं नाही. उलट अशी भूक खवळली की दुसराही खाल्ला. तुमच्यामागे मला अन्न गोड लागत नसणार, अशी सगळ्यांची समजूत आहे, म्हणून हे मुद्दाम सांगते. लागतं. फार गोड लागतं, आणि त्याचाच मला राग येतो.

तुम्ही जाऊन महिना उलटला. आपल्या गल्लीतली माणसं आता माझ्याशी दवाखान्यात बोलावं तसं हळू बोलतात. जेवताय ना, झोप लागते ना. जिची सगळी नोकरी महापालिकेच्या शाळेत वर्गभर पोरांवर ओरडण्यात गेली तिच्याशी कुजबुजतात. तुम्ही असता तर म्हणाला असता, जरा मोठ्यानं विचारा, बाईंना हळू बोललेलं कळत नाही. तुम्हीही मला बाईच म्हणायचात. लग्नानंतर पहिल्या आठवड्यात चेष्टेनं सुरू केलंत आणि मग ते सुटलंच नाही. आता गल्लीतला प्रत्येक जण बाई म्हणतो, पण त्यात चेष्टा नाही. चेष्टा नसलेलं बाई मला ओळखीचं वाटत नाही.

आपलं भांडण टोमॅटोच्या फार आधीचं. मातीवरनं सुरू झालेलं. मी पेठ तालुक्यातली, डोंगरउतारावर नागली आणि भात करणाऱ्या घरातली. भाताच्या आवणीला आम्ही पोरीसोरी सकाळपासून चिखलात वाकलेल्या असायचो. पायांच्या बेचक्यांत चिखल्या व्हायच्या, त्यावर आई कढत तेल लावायची आणि दुसऱ्या दिवशी परत त्याच चिखलात. पाठ टेकवत नाही म्हणून पालथं झोपायचं. मी शिकले, मास्तरीण झाले, ती त्या चिखलातून पाय बाहेर काढायला. आणि तुम्ही सातपूरच्या कामगार वसाहतीत, दोन खोल्यांत वाढलेले. अंबडच्या कारखान्यात टूलरूममध्ये लोखंडाशी आयुष्य गेलं. त्यामुळे इंदिरानगरचं हे रो-हाउस बघायला आलो तेव्हा कुंपणाच्या भिंतीलगतची ती लांबट मोकळी पट्टी बघून तुमचे डोळे चमकले आणि मी दोन पावलं मागे सरले.

मी म्हटलं शहाबादी फरशी टाकू. स्वच्छ राहील, पापड वाळवता येतील. तुम्ही म्हणालात वांगी लावू.

तेव्हापासून ते चाललं. दर पावसाळ्याच्या आधी मी फरशीचा विषय काढायचा आणि तुम्ही शेणखताची गोणी आणून तो बंद करायचा. मी तुम्हाला सांगायचे, माती ही तुमची हौस आहे, आम्ही तिचा मार खाल्लाय. तुम्ही म्हणायचात, मग तू नको येऊस, दारातनं सूचना दे. आणि मी खरंच दारातनं सूचना दिल्या, कारण तुम्हाला काही म्हणजे काही येत नव्हतं. मेथी पेरायला तुम्ही दोन खुंट्यांना दोरी बांधायचात. वाफा सपाट आहे का, हे बघायला लेव्हलबॉटल ठेवायचात. टोमॅटोला आधार म्हणून कोणी बांबू रोवतं, कोणी तुरकाठ्या. तुम्ही लोखंडी पाइपांचा सांगाडा केलात, नटबोल्टसकट, वरनं लाल ऑक्साइडचा हात मारून. मी विचारलं, यावर टोमॅटो चढणार आहे की रेल्वे? पहिल्या वर्षी टोमॅटो आले लिंबाएवढे आणि तुम्ही ते कारखान्यातल्या व्हर्नियर कॅलिपरनं मोजलेत. मी इतकी हसले होते की शेजारच्या रेहानाभाभी भिंतीवरून डोकावल्या.

गेल्या पावसाळ्यात तुमच्या किडन्यांनी हात टेकले. एक दिवसाआड डायलिसिस सुरू झालं. डायलिसिसच्या सुयांसाठी डाव्या हातात नस जोडून फिस्तुला केला, त्या हातानं काही उचलायचं नाही, त्यावर भार टाकायचा नाही. पाणी मोजून. केळं बंद, नारळपाणी बंद, टोमॅटो बंद. पालेभाजी उकळून तिचं पाणी फेकून द्यायचं आणि मग उरलेला चोथा शिजवायचा. पट्टीवर तेव्हा गवत माजलं होतं. मी त्याकडे बघितलं आणि मनात म्हटलं, संपलं हे एकदाचं.

देवदिवाळीच्या सुमारास एके दिवशी डायलिसिसहून परत येताना तुम्ही रिक्षावाल्याला मखमलाबाद रोडला वळायला सांगितलंत. अंगात उभं राहायचं त्राण नव्हतं. डोकं माझ्या खांद्यावर टेकलेलं होतं आणि तिथनंच, डोळे न उघडता, तुम्ही त्याला नर्सरीचा पत्ता सांगत होता. घरी आलो ते मांडीवर टोमॅटोच्या आणि वांग्याच्या रोपांचा ट्रे घेऊन.

“आता कुठे लावताय?” मी म्हटलं. “हंगाम गेला. याला फळ धरेपर्यंत मार्चचं ऊन लागेल. फुलं गळतील.”

“गळू देत.”

“आणि टोमॅटो तुम्हाला चालत तरी नाही.”

“तुला चालतो ना?”

दुसऱ्या दिवशी तुम्ही खुरपं घेऊन बाहेर गेलात. खाली बसलात तर उठता येईना म्हणून प्लास्टिकच्या खुर्चीत बसून, वाकून, एका उजव्या हातानं खड्डा करायला लागलात. खुर्ची तिरकी झाली. मग मी आले, पदर खोचला आणि खाली बसले. तुम्ही रोप द्यायचात, मी लावायचे, मुळाशी माती दाबायचे. गाव सोडल्यानंतर पहिल्यांदा माझी नखं मातीनं भरली. तुम्ही खुर्चीतनं बघत होता आणि तुमच्या चेहऱ्यावर जे हसू होतं ते मला अजिबात आवडलं नव्हतं. जिंकल्यासारखं हसू होतं ते. म्हणून तेव्हा सांगितलं ते आजही सांगते. तुम्ही पडला असता म्हणून मी बसले. मातीला भुलून नाही.

मग रोज सकाळी पाणी घालायला तुम्ही जायचात. ते मला बघवायचं नाही. ज्या माणसाला दिवसाचं पाणी एका बाटलीत भरून दिलेलं, ज्याची जीभ टाळ्याला चिकटायची, तो माणूस हातात पाइप धरून वाफ्यात पाणी सोडत उभा. पाण्याचा तो आवाज तुम्हाला कसा सहन होत होता? मी एकदा म्हटलं, द्या इकडे, मी घालते. तुम्ही पाइप दिला नाहीत. म्हणालात, कोणाची तरी तहान भागतेय, ती बघू दे मला. मी आत निघून गेले. आत जाऊन भांडी आपटली. कुकरच्या झाकणाला जो पोचा आहे तो त्या दिवशीचा.

जानेवारीच्या शेवटी हिरवे टोमॅटो लागले. भरपूर. तुमच्या त्या सांगाड्यावर घोसच्या घोस. एका रविवारी दुपारी तुम्ही त्यातले चार-पाच तोडून मांडीवर घेऊन बसलात आणि मला हाक मारलीत.

“बाई, चटणी कर. हिरव्या टोमॅटोची, शेंगदाणे घालून. आपली नेहमीची.”

मी नाही म्हटलं.

“एक घास.”

“अर्धासुद्धा नाही. मागच्या महिन्यात पोटॅशियम वाढलं तेव्हा कसे धावत गेलो होतो, आठवतंय ना?”

तुम्ही बराच वेळ टोमॅटोकडे बघत होता. मग म्हणालात, “मग मी मेल्यावर एकटी बसून खा.”

“खाईन,” मी म्हटलं.

खरं सांगते, ते म्हणताना माझा आवाज जराही हलला नाही. तुम्ही चिडलात, संध्याकाळचा चहा नाही घेतलात. रात्री मात्र झोपताना नेहमीसारखा हात माझ्या हातावर ठेवलात. त्यावर पुन्हा आपण बोललो नाही. बोलायला आठवडाभरच होता हातात, पण ते आपल्याला ठाऊक नव्हतं. त्या सकाळी डायलिसिसला निघताना तुम्ही एक बूट घातलात आणि दुसरा घालायच्या आधी खुर्चीतच मागे टेकलात. मी रिक्षा आणायला फाटकापाशी गेले होते. परत आले तर बूट तुमच्या हातात होता.

तेव्हापासून निदान चार जणांनी मला सांगितलं की अशा माणसाला काय हवं ते द्यायचं असतं. शेवटचा घास होता, द्यायला हवा होता. मीही त्यावर पुष्कळ विचार केला. आणि माझं उत्तर तेच आहे. तुम्ही उद्या परत येऊन त्या खुर्चीत बसलात आणि चटणी मागितलीत तरी मी नाही म्हणेन. शेवटचा घास द्यायला मी बसलेच नव्हते. मला तुम्ही आणखी दोन-चार वर्षं हवे होतात, भांडायला, दोरी लावायला, माझ्यावर चिडायला. ज्या बाईनं मनात तुमचा शेवट धरला असता तिनं दिली असती चटणी. मी धरला नव्हता. याबद्दल मला कोणीही कमीपणा देऊ नये. तुम्हीसुद्धा.

तेरावा झाला, पाहुणे पांगले. तुमची ताई, म्हणजे सुमनवन्सं, तेवढ्या माझ्या सोबतीला राहिल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाहेर गेले आणि हिरवे टोमॅटो तोडून आणले. तव्यावर तेल टाकलं, लसूण टाकला, मिरच्या, टोमॅटोच्या फोडी. त्या तडतडल्या आणि वास घरभर झाला तशा वन्सं स्वयंपाकघराच्या दारात आल्या. काय करतेस म्हणाल्या. मी सांगितलं. त्या उभ्याच राहिल्या. मग म्हणाल्या, “त्यानं लावलेलं. आणि त्याच्यामागे खायला तुझं मन तरी कसं होतं गं?”

मी शेंगदाणे घातले, मीठ घातलं, पाट्यावर भरड वाटलं. ज्वारीची भाकरी केली. ताट वाढून घेतलं आणि जेवायला बसले. वन्संना म्हटलं, मी त्यांना शब्द दिलाय. त्यांना वाटलं माझं डोकं फिरलं. पहिला घास तोंडात घातला आणि लगेच पाण्याचं भांडं उचललं, हे कबूल. पाणी प्यायले. दुसरा घातला. ताटातली सगळी चटणी संपेपर्यंत उठले नाही. आंबट होती, तिखट होती, नेहमीसारखी झाली होती. तुम्ही लावलेले, मी खाल्ले. तुमचा आणि माझा, दोघांचा शब्द राखला. वन्सं तोवर पदर तोंडाला लावून खिडकीपाशी बसल्या होत्या. मी त्यांना घ्या म्हटलं नाही. ज्याचं त्याचं मन.

त्यानंतर पीक असं आलं म्हणता! हंगाम गेला म्हणून मी तुम्हाला बोलले होते ना? माझं चुकलं नव्हतं, आता उन्हानं फुलं गळायला लागलीयेत. पण त्याआधी धरलेलं सगळं फळ टिकलं. वांगी इतकी लागली की झाडं वाकली. भिंतीलगत तुम्ही टोचलेल्या घेवड्यानं तर आधीच रेहानाभाभींच्या बाजूला उडी मारली होती आणि तिकडे शेंगा लावल्या होत्या. मागे राहिलेल्या दोन-चार मुळ्यांना फुलं येऊन डिंगऱ्या धरल्या. त्या कोवळ्या शेंगा ताकातल्या भाजीत काय लागतात! तुम्ही मुळा जून झाला की उपटून फेकायचात. मी राहू दिला. एवढं तरी ऐकून घ्या.

महिन्याच्या विधीला आपला मंदार पुण्याहून आला. विधी झाला, गुरुजी गेले, आणि तो बराच वेळ पट्टीवर उभा होता. तुमच्या सांगाड्याचे नट हातानं चाचपून बघत होता. तुमच्यासारखाच उभा राहतो, एक पाय पुढे टाकून, ते मला तोवर कधी जाणवलं नव्हतं. मी नजर वळवली. नंतर चहाच्या वेळी त्यानं विषय काढला. पुण्याला चल, खोली तयार आहे, इथे एकटी काय करशील. मी म्हटलं, घरात राहीन. त्यानं कपातला चहा संपवला. मग म्हणाला, “बरं, निदान ती बाहेरची पट्टी तरी फरशी करून देतो. पाणी घालायची कटकट नको तुला या वयात. तूच किती वर्षं म्हणत होतीस ना, आई?”

पोराचं काही चुकलं नव्हतं. लहानपणापासून तो आपलं भांडण ऐकत आला. त्याला वाटलं, बाबा गेले, आता आईला हवं ते करून देऊ. कोणाच्याही आईनं डोक्यावरून हात फिरवला असता. मी कप खाली ठेवला.

“ते भांडण माझं आणि तुझ्या बाबांचं आहे,” मी म्हटलं. “तू मधे पडू नकोस.”

“अगं, पण आता...”

“आता काय? ते गेले म्हणून मी जिंकले का? असं जिंकायचं नाहीये मला.”

मला स्वतःलाच माहीत नव्हतं की मी असं म्हणेन. इतकी वर्षं मी ती फरशी मागितली ती तुमच्याकडे मागितली. तुम्ही नाही म्हणावं आणि मी पुन्हा मागावी, यातच आपला संसार झाला. आता कोणीतरी सहज हो म्हणतं तेव्हा मला ती नको होते. तुम्ही नाहीत तर ती नुसती फरशी.

त्याच संध्याकाळी मी ठरवलं, आज बाहेर जेवायचं. पट्टीवर तीन विटा मांडल्या, वाळलेल्या काटक्या पेटवल्या आणि त्यावर वांगी टाकली. मंदारनं घाबरून विचारलं, आज विधी झालाय, लोक काय म्हणतील? मी म्हटलं, वास चांगला येतोय म्हणतील. वरच्या गॅलऱ्यांतून खरंच माणसं बघायला लागली. विस्तवाची धग माझ्या तोंडावर येत होती, धूर डोळ्यांत जात होता, आणि महिनाभरात पहिल्यांदा मला कोणी हळू आवाजात काही विचारत नव्हतं. वांग्यांची सालं काळी पडली. मंदारनं ती सोलायला घेतली, बोटं भाजून घेतली. वन्संनी न सांगता आतून पाटा-वरवंट्याजवळची मिरची-लसणाची भरड आणली, कांद्याची पात चिरली. ताटं बाहेर मांडली.

रेहानाभाभींचे रोजे चालू होते, म्हणून आम्ही अजानपर्यंत थांबलो. रोजा सोडून त्या ताटलीत खजूर आणि भजी घेऊन फाटकातून आल्या. मी भरीत वाढायला लागले तशा त्या म्हणाल्या, लय झालं बाई, बस करो. मी अजून एक पळी वाढली. त्यांनी पहिला घास खाल्ला आणि सांगितलं की गेल्या महिन्यात भिंतीपलीकडे उतरलेल्या घेवड्याच्या शेंगा त्या तोडत नव्हत्या. भाईंना, म्हणजे तुम्हाला, विचारल्याशिवाय कशा तोडायच्या, असं त्यांना वाटायचं. मग विचारायला भाईच राहिले नाहीत. आता त्या शेंगा सुकल्या होत्या, बी काढून पुडीत ठेवलं होतं. पुडी त्यांनी माझ्या हातात दिली. मी त्यांच्या हातात लाल टोमॅटोंनी भरलेली पाटी दिली आणि सांगितलं, पुढच्या वर्षी विचारू नका. तोडा.

वन्सं एका बाजूला खुर्चीत बसल्या होत्या. भरीत-भाकरी त्यांनी आधी नुसती हातात धरली होती. मग खायला लागल्या. एक भाकरी झाली, दुसरी मागितली. डोळ्यांतून पाणी वाहतंय आणि तोंडानं खातायत. मी विचारलं, तिखट झालं का? “नाही गं,” त्या म्हणाल्या, “त्याला सांगायला हवं होतं, चांगली वांगी लावलीस म्हणून. मी कधी म्हटलंच नाही. नेहमी म्हणायचे, बाजारात मिळत नाहीत का?” मी म्हटलं, मीही नाही म्हटलं. मग मी त्यांच्या ताटात अजून भरीत वाढलं.

म्हणून आता म्हणते. वांगी चांगली होती. टोमॅटो चांगले होते. उशिरा लावलेत ते बरं केलंत. हे तुमच्या तोंडावर मी कधीही म्हटलं नसतं, कारण तुम्ही लगेच दुसरा ट्रे घेऊन आला असता.

मंदार दोन पिशव्या भरून गेला. वन्सं परवा गेल्या. घर रिकामं झालं तेव्हा जे व्हायचं ते झालं, ते इथे लिहीत नाही. सकाळी उठून पट्टीवर गेले. उन्हानं टोमॅटोची पानं खालून पिवळी पडलीत, आणखी आठ-पंधरा दिवस चालतील. घेवडा वाळला होता, तो मी ओढून काढला. जमीन मोकळी झाली. खुरप्यानं भुसभुशीत केली, पाणी मारलं आणि बोटानं भोकं पाडत गवार लावली. गवार तुम्हाला बघवत नव्हती. सुतळी चावल्यासारखं लागतं म्हणायचात, पानात पडली तर बाजूला सारायचात. म्हणून इतकी वर्षं मी ती घरात आणली नाही, आणि मला ती फार आवडते, हे तुम्हाला कधी सांगितलंही नाही. दोरी लावली नाही. ओळ वाकडी गेलीय, मुद्दाम सरळ केली नाही. तुम्हाला न विचारता केलेली ही पहिलीच गोष्ट. काही हरकत असेल तर येऊन सांगा.